लिंबाजीची कुंचल्यांची पारख

आमच्या ताडकळसाच्या बाजूला लग्नघर ओळखायला मांडव बघावा लागत नसे. भिंत बघितली की पुरे. दाराच्या दोन्ही अंगांना दोन हत्ती, सोंडा वर केलेल्या, पाठीवर झूल, आणि पायाशी नवरानवरीची नावं. ते हत्ती लिंबाजीचे. तीस वर्षांत त्याने एवढे हत्ती उभे केले, पण जिता हत्ती कधी पाहिला नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "बघून काय करू? बघितला तर हात बिघडंल."

त्याचे कुंचले घरचेच होते. चुन्याला पळसाची ठेचलेली मुळी, गेरूला बकरीच्या केसांचा झुबका, आणि हत्तीच्या डोळ्याला शिंदीची काडी, दाताने चावून चावून बारीक केलेली. हे सगळं एका मडक्यात. यजमान बैलगाडी पाठवी आणि मडकं लिंबाजीच्या मांडीवर बसून लग्नाला जाई. पुढे निजामाचं राज्य गेलं, आपला मुलूख मुंबई राज्यात आला, गावोगाव मोटारी धावू लागल्या. बैलगाडी येईनाशी झाली. "मोटारीनं या," एवढाच निरोप येऊ लागला. सत्तावन्न सालच्या माघात मोटारीने एक गचका दिला आणि मडक्याच्या बुडाचा ओला गेरू पुढच्या बाकावरच्या माणसाच्या नव्या फेट्यावर गेला. फेटा पाटलाचा निघाला. कंडक्टरने लिंबाजीला मडक्यासकट खाली उतरवलं आणि त्या दिवशी त्याने चार कोस पायाखाली घातले.

चैत्रात सोनपेठच्या माणिकरावांचा सांगावा आला. त्यांच्या सुमंगलाचं लग्न होतं. सांगाव्याला शेपूट होतं: "परभणीचा पंडित पेंटरबी येणार हाय. उजवी भिंत त्याची, डावी तुझी, दोन्हीवर दोन-दोन हत्ती. हळदीच्या दिवशी सकाळी सुरू करा, दिवस मावळायच्या आत संपवा. ज्याची भिंत सरस, त्याला आमच्या भावकीतल्या पुढच्या सगळ्या भिंती."

पंडित पेंटर सायकलवर फिरे. त्याचे कुंचले पत्र्याच्या चपट्या पेटीत, पेटी खिशात. लिंबाजी रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी बायकोला, गोजरबाईला म्हणाला, "आपुनबी डबा घेऊ."

परभणीत किशनरावांचं कटलरीचं दुकान होतं, दोघं तिथे गेली. किशनरावांनी पंडितच्या पेटीसारखीच एक पेटी उघडून पुढे ठेवली. आत सहा कुंचले, लांब दांड्यांचे, नाजूक केसांचे. आता लिंबाजीला बाजारात पारख करता येई ती एकाच गोष्टीची, बैलाची. त्याने एक कुंचला उचलला, केसांवरून उलटा हात फिरवला, मान चाचपली, मग तो उभा करून सोडला. कुंचला आडवा झाला. दुसरा उभा केला, तोही पडला.

"मालक, ह्ये कसलं जनावर? खुरावर उभंच राहत न्हाई."

"अहो, कुंचला हातात धरायचा असतो," किशनराव म्हणाले.

"मान बघा केवढी बारीक. जू ठिवलं की मोडंल."

गोजरबाई पदराआड हसली. "दात बी बघा एकदा," ती म्हणाली.

एवढ्यात लिंबाजीची नजर वरच्या फळीवर गेली. झाकणाचा गोल डबा, त्यात एक वाटी, एक आरसा, आणि मधोमध एक कुंचला. आखूड मान, भरदार केस, रुंद बूड. लिंबाजीने तो उभा केला. तो उभा राहिला. त्याने बोटाने ढकललं, तरी डुलून पुन्हा उभा.

"ह्यो बैल!" लिंबाजी म्हणाला.

"तो दाढीचा सेट आहे," किशनराव म्हणाले. "साहेब लोक प्रवासात नेतात."

"मग बरोबर हाय. आमीबी प्रवासालाच चाललोत. दाढी काय अन् भिंत काय, साबण काय अन् चुना काय. वाटीत कालवायचं अन् लावायचं."

किशनरावांनी हात जोडले आणि डबा बांधून दिला.

निघायच्या दिवशी गोजरबाई म्हणाली, "डोळ्याची काडी घ्या."

"आता सगळं डब्यात हाय," लिंबाजी म्हणाला, आणि काडी मडक्यात राहिली, मडकं घरी राहिलं.

सोनपेठला पंडितने तो कुंचला पाहिला आणि सायकलीला टेकून हसला. "लिंबाजीकाका, हत्तीची दाढी करणार का?"

"आधी तुजी भिंत कर, मग तुजीबी करतो."

भिंत मातीची, भुशाच्या गाऱ्याची, वर चुन्याचा हात. पंडितने सुरेख वेल सुरू केली, पण भुशाच्या काड्यांनी त्याच्या नाजूक कुंचल्यांचे केस एकेक ओढून घेतले. लिंबाजीचा बैल मात्र चालतच राहिला. एका फटकाऱ्यात पाठ, दोन फटकाऱ्यांत पोट. ऊन कलायच्या आत दोन हत्ती उभे राहिले, आणि माणिकराव येऊन "वा!" म्हणून गेले.

राहिला डोळा.

आमच्याकडे रीत अशी की हत्तीचे डोळे उघडले, नवरीच्या आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, की मगच नवरीला हळद लागते. आंधळ्या हत्तीसमोर हळद लावत नाहीत. सुमंगलाची आई पार्वतीबाई ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. लिंबाजीने दाढीचा कुंचला काजळीत बुडवून अलगद टेकवला. डोळा भाकरीएवढा झाला.

"ह्यो हत्ती हाय का घुबड?" मांडवातून कुणीतरी विचारलं.

लिंबाजीने त्यावर चुना फासला. दिवस खाली उतरत होता. शेवटी अभिमान गिळून तो पंडितकडे गेला. "पोरा, एक बारीक कुंचला दे."

पंडितचा चेहरा पडलेला होता. त्याच्या एका हत्तीला सोंडच नव्हती. त्याने सगळ्यांत बारीक कुंचला पुढे केला. त्याला तीन केस उरले होते आणि तिघांची तोंडं तीन दिशांना होती. "काका, तुमची काडी असली तर मलाच द्या," तो म्हणाला.

लिंबाजी भिंतीशी येऊन खाली बसला. बरोबर आलेली गोजरबाई त्याच्याकडे एकदा बघून उठली. तिने कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली, अनामिकेला काजळ घेतलं आणि हत्तीचा गाल डाव्या हाताने धरल्यासारखा करून म्हणाली, "हलू नगंस रे बाबा." पाच लेकरांना जसं घातलं तसं तिने हत्तीला काजळ घातलं. मग दुसऱ्याला. शेवटी सवयीने दोघांच्या गालाला तीटही लावली.

ते हत्ती नुकतेच न्हाऊमाखू घातलेल्या पोरांसारखे बघत होते. सुमंगला खुदकन हसली आणि हसताहसताच तिचे डोळे भरून आले. पार्वतीबाईंनी कुंकू लावायला हात उचलला, तो आपसूक हत्तीच्या गालावरून फिरला आणि त्यांनी आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"भावकीच्या भिंती तुझ्या, लिंबाजी," माणिकराव म्हणाले. जरा थांबून त्यांनी दुरुस्ती केली. "तुमच्या दोघांच्या."

पंडितच्या हत्तीला सोंड लिंबाजीनेच दिली, त्याच दाढीच्या कुंचल्याने.

त्यानंतर निरोप यायचा तो असा: "डबा घेऊन या, अन् गोजरबाईला आणा." मोटारीत लिंबाजीने डबा मांडीवर घेतला की गोजरबाई शेजारी बसायची आणि न चुकता विचारायची, "बघा, समदं आलं का डब्यात?"