झेरॉक्सवाली ताई आणि आमचे पासवर्ड

कुणी फोन पुढे केला की ती आधी त्याच्या स्क्रीनवर आपला पंजा ठेवायची आणि म्हणायची, "आधी सांगा, मग दाबा." जे बटण दाबायचे त्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. नाही सांगता आला तर फोन परत आणि मागचा माणूस पुढे. मग तो रिटायर साहेब असो की भाजीवाली.

पंचवटीत आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीला लागून तिचे झेरॉक्सचे दुकान होते. दळण होईपर्यंत बायका तिथेच टेकायच्या. मी चौथी शिकलेली, नागलीचे पापड करून विकते. पापडाच्या ऑर्डरी फोनवर यायला लागल्या तेव्हा मी फोन शिकायला तिच्याकडे गेले. ती माझ्या मुलीच्या वयाची, पण गल्ली तिला ताई म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. ती मला मावशी म्हणायची आणि वर ओरडायचीही. गोड स्वभावाची होती असे मी सांगणार नाही. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल पाहा, काम चोख आणि जीभ तिखट.

ती मूळची मालेगावची, वडील यंत्रमागावर. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यात फरक काय, असे कुणी विचारले की तिला माग आठवायचा. म्हणायची, माग लोखंडाचा असतो, पाय आपटला तर लागतो, ते हार्डवेअर. कापडावर कुठली नक्षी उतरवायची हे मागाला सांगावे लागते, ते सांगणे म्हणजे सॉफ्टवेअर. नक्षी बदलायची म्हणून कुणी माग भंगारात देत नाही. आमच्या गल्लीत त्या वर्षी दोन चांगले फोन भंगारात जायचे वाचले.

क्लाउडचे तिने मलाच विचारले. ढगात फोटो राहतात हे मला पटेना. ती म्हणाली, ढगबिग काही नाही, दुसऱ्याच्या जागेत ठेवलेले आपले सामान. मी विचार करून म्हणाले, "म्हणजे माहेरी ठेवलेले दागिने. आपलेच, पण आपल्या घरात नाहीत."

"आणि माहेरी भावजय असते," ती म्हणाली. "म्हणून पेटीला कुलूप पाहिजे. त्याला पासवर्ड म्हणतात. आता दाबा."

त्या पासवर्डाने मोठी गंमत केली. एका दुपारी आम्ही बचत गटातल्या बायका तिच्या दुकानात बसलो होतो. इंग्रजी अक्षरे तिने आधीच घोटवून घेतली होती. ती म्हणाली, जो शब्द तुमच्या तोंडून कधी कुणी ऐकला नाही असा टाका. मी पाठ फिरवून उभी राहते.

आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. असा शब्द आम्हा सगळ्यांकडे होता. पटापट टाकून झाले, मीच तेवढी मागे. जरा वेळाने ती वळली, तर मी एकेक अक्षर दाबताना डाव्या हाताकडे बघत होते. तिने माझा हात धरला, पदर बाजूला केला आणि कोपराखाली गोंदलेले आमच्या मालकांचे नाव सगळ्यांपुढे मोठ्याने वाचले.

बायकांनी तोंडाला पदर लावले. मग तिने एकेकीला विचारले. सगळ्यांनी नवऱ्याचेच नाव टाकले होते.

"अहो, तुम्ही नाव घेत नाही," ती म्हणाली, "पण रेशनकार्डावर आहे, दारावर आहे, हिच्या तर हातावर आहे. जगाला माहीत नसलेलं एक तरी तुमच्याजवळ असेल की नाही?"

हे बोलताना ती हसत होती, मग पुन्हा पाठ फिरवून उभी राहिली. मला विचार करायला बराच वेळ लागला. शेवटी सापडले. ते काय, हे मी इथेही लिहिणार नाही.

त्या रविवारी माझा मुलगा तणतणत दुकानात आला. दर रविवारी तो माझा फोन उघडायचा, कुणाचे फोन आले ते बघायचा, पापडाचे पैसे कशावर गेले ते विचारायचा. आता फोनने पासवर्ड मागितला, तेव्हा त्याने बापाचे नाव टाकून पाहिले. तरी उघडेना. मी मागोमाग गेले. गिरणीवर बायकांची गर्दी होती.

तो तिला म्हणाला, आईचा पासवर्ड सांगा.

ती म्हणाली, मला माहीत नाही, मी पाठ फिरवून उभी होते.

"तिला काय कळतंय यातलं? उद्या कुणी ओटीपी मागितला तर देऊन बसेल. त्यापेक्षा फोन माझ्याकडेच राहू दे."

फोन तेव्हा त्याच्याच हातात होता. ताईने माझी बाजू घेतली असती तर तो घेऊन गेला असता. तिने घेतली नाही. नुसती म्हणाली, "त्यांनाच विचारा की."

त्याने हसत विचारले, सांग, ओटीपी म्हणजे काय?

"पत्रावळ," मी म्हणाले. "एका जेवणापुरती. जेवलं की टाकायची. आणि आपलं उष्टं पान कुणी कितीही प्रेमाने मागितलं तरी द्यायचं नाही. पोटच्या पोरालाही नाही."

मुलाने फोन टेबलावर ठेवला. वाईट नाही तो, त्याला फक्त सवय झाली होती. ताईने मला शाबासकी दिली नाही. मागच्या माणसाला म्हणाली, "चला, पुढे या." पण त्याचे आधार कार्ड तिने लॅमिनेशनला उलटे घातले. तसे तिचे कधी होत नसे.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजारी होती, कुणाला सांगितले नव्हते. दुकान रिकामे करायला तिचा भाऊ मालेगावहून आला. घरात लावायला बहिणीचा एक फोटो नाही म्हणाला. सगळे तिच्या फोनमध्ये, आणि तो फोन कुणालाच उघडता येत नव्हता.

माझ्याकडे एक होता. गिरणीच्या पायरीवर बसून ती पेरू खाते आहे, मीच काढलेला, थोडा तिरका. मी दाखवला. त्याने बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "मावशी, तुमच्या मुलाला बोलवता का? तो पाठवेल मला."

मी त्याचा नंबर विचारला, चष्मा लावला आणि तिच्या स्टुलावर बसले. त्याच्या खिशात फोन वाजला.