सरुबाईच्या तळ्यातली ऊ

अवसरी बुद्रुकच्या शिवारात, ओढ्याच्या वरच्या अंगाला सरुबाईंचं शेततळं आहे. सरुबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर, सोमाजींबरोबर, कळप घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. सोमाजी गेल्यावर मुलानं, गोरक्षनं, मेंढरं विकली आणि शेततळं खणून घेतलं. दोन वर्षांपूर्वी त्यात कटला आणि रोहू सोडले. सरुबाईंना नुसतं बसवत नव्हतं, म्हणून माशांना खाद्य टाकायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. मासे खायला त्यांना कधीच आवडले नाहीत, पण बघायला आवडायला लागले.

ऑगस्टातल्या एका सकाळी त्यांनी खाद्य टाकलं तर निम्मे मासे वर आलेच नाहीत. काही मासे तळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदाला अंग घासत होते. मधूनच एखादा उडी मारायचा आणि कुशीवर आपटायचा. सरुबाई घमेलं बाजूला ठेवून काठावर बसल्या आणि तासभर बघत राहिल्या. मग त्यांनी गोरक्षला हाक मारली.

पावसाच्या दिवसांत मासे उड्या मारतातच, असं त्याचं म्हणणं पडलं.

"उड्या न्हाईत त्या," सरुबाई म्हणाल्या. "गोचीड लागलेली मेंढी झाडाला अंग घासती, तसं चाललंय. जाळं टाक आन् एक मासा काढ."

त्यानं रोहू काढला. कल्ल्यामागं, पराच्या मुळाशी, मसुरीएवढं चपटं, काचेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. सरुबाईंनी नखानं टोकरलं तर ते सरकलं. खाली लाल ठिपका. एकाच माशावर अशी नऊ निघाली.

गोरक्षनं फोटो काढून इंद्रायणी मॅडमना पाठवला. शेततळ्याच्या प्रशिक्षणात मत्स्यपालन शिकवायला त्याच आल्या होत्या. त्यांचा लगेच फोन आला. ही माशांची ऊ आहे, बहुतेक यंदा सोडलेल्या बीजाबरोबर, म्हणजे माशांच्या पिल्लांबरोबर, आली असावी, औषधानं आटोक्यात येईल, घाबरू नका, असं त्या म्हणाल्या. शेवटी मात्र त्यांनी बजावलं, की तळ्यातलं पाणी किंवा मासा ओढ्यात जाऊ देऊ नका, नदीतल्या माशांना ही लागली तर तिथं औषध टाकता येत नाही.

फोन ठेवल्यावर मायलेकांना शनिवार आठवला. शनिवारच्या पावसात तळं भरून सकाळभर सांडव्याच्या पाइपातून ओढ्यात वाहत होतं. सून निर्मला हिला तर गवतात तडफडणारे दोन रोहूही सापडले होते. तिनं ते उचलून परत तळ्यात टाकले होते. आणखी किती खाली गेले, कुणाला ठाऊक?

पुढं पुन्हा जोराचा पाऊस सांगितला होता. गोरक्षनं मोटर चालू केली आणि तळ्याचं पाणी मक्यात आणि शेजारच्या पडीक तुकड्यात सोडलं, म्हणजे ते जमिनीतच जिरेल. मका चिखलात उभा राहिला. सांडव्याच्या पाइपाच्या तोंडाला निर्मलानं मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून बांधलं. दोन दिवसांत पाणी पाइपाच्या तोंडाखाली हातभर उतरलं, आणि मग पाऊस आला तरी तळं सांडलं नाही.

पण जे गेलं होतं त्याचं काय, हे सरुबाईंच्या डोक्यातून जाईना. हा ओढा पुढं घोड नदीला मिळतो, आणि तिथंच कुशाबाई राहते. कुशाबाई नदीत जाळं लावते आणि मिळेल ती मरळ, वांब, शिंगटी मंचरच्या बाजारात नेऊन विकते. तिचं घर त्याच्यावर चालतं. सरुबाई तिच्या दारावरून तीस वर्षं मेंढरं पाण्याला नेत होत्या.

तिला जाऊन सांगते, असं त्या म्हणाल्या तेव्हा गोरक्ष अस्वस्थ झाला. अजून काही नक्की नाही, उगीच बोभाटा होईल, नदीत एक मासा मेला तरी आपलं नाव घेतील, असं तो म्हणत राहिला. त्याचं खोटं नव्हतं.

"एका साली आपल्या मेंढरांना देवी आल्या व्हत्या," सरुबाई म्हणाल्या. "तुजा बाप टेकावर उभा राहून येणाऱ्या परत्येक कळपाला वरडून सांगत व्हता, या पाणवठ्याला येऊ नका. लोकांनी शिव्या घातल्या. पर कुणाचं मेंढरू न्हाई मेलं."

 मग गोरक्षनंच गाडी काढली आणि आईला नदीपर्यंत सोडलं.

कुशाबाई अंगणात जाळ्यातला काडीकचरा वेचत होती. सरुबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ऊ, शनिवारचा पाऊस, वाहिलेलं तळं. कुशाबाईचा हात थांबला. 

"कवा कळलं तुला?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी. पाणी अडवण्यात दोन दिस गेले."

"दिसती कशी ती ऊ?"

सरुबाईंनी पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली. तिच्यात पाणी घालून दोन उवा आणल्या होत्या. कुशाबाईनं बाटली उन्हाकडं धरून नीट बघितलं, मग म्हणाली, "आता मी एकूणएक मासा बघून घेते. तुज्या तळ्यातला घावला तर परत पाण्यात न्हाई जायचा. बस, च्या ठेवते."

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. जाळ्यात एक रोहू सापडला होता, त्याच्या अंगावर चार उवा. सरुबाईंना त्या दिवशी भाकरी गेली नाही. दोन दिवसांनी आणखी एक रोहू मिळाला, त्याच्यावर एक. त्यानंतर तळ्यातला मासा सापडला नाही. कुशाबाई मरळ, वांब, बारकी खवलीसुद्धा उलटीपालटी करून बघायची आणि रोज संध्याकाळी फोन करायची. न्हाई काय, एवढंच म्हणायची. सरुबाई फोनची वाट बघत ओट्यावर बसलेल्या असायच्या.

इकडं इंद्रायणी मॅडमनी सांगितलेलं औषध तळ्यात पडलं होतं. त्यांनी आणखी एक उपाय सांगितला होता. ऊ आपली अंडी टणक जागेवर घालते, म्हणून पाण्यात फळ्या उभ्या करायच्या आणि आठवडा व्हायच्या आत काढून कडक उन्हात वाळवायच्या. गोरक्षनं जुन्या दाराच्या फळ्या दोरीला बांधून सोडल्या. पहिल्यांदा काढल्या तेव्हा त्यांच्यावर खसखशीसारख्या अंड्यांच्या रांगा होत्या. सरुबाईंनी त्या घासून काढल्या आणि फळ्या पत्र्यावर टाकल्या. ऊन नसेल त्या दिवशी निर्मला त्या चुलीजवळ लावून ठेवायची. तिसऱ्या खेपेला रांगा तुरळक झाल्या. पाचव्या खेपेला फळी कोरी निघाली.

मॅडम स्वतःही येऊन गेल्या. त्यांनी तळं बघितलं, मग नदीवर जाऊन कुशाबाईच्या टोपलीतले मासे भिंगाखाली धरले. एकावरही ऊ नव्हती. पाणी जोरात वाहत असलं की ही ऊ तशी टिकत नाही, आणि तळ्यातून गेलेले मासेही थोडेच असावेत, असं त्या म्हणाल्या. छातीठोक सांगणार नाही, दिवाळीपर्यंत बघत राहा, असंही म्हणाल्या.

सप्टेंबरच्या शेवटी गोरक्षनं तळ्यातले दहा मासे काढून बघितले. सगळे स्वच्छ. खाद्य टाकलं की पाणी आता पुन्हा उकळल्यासारखं व्हायचं. सांडव्याला त्यानं बारीक जाळीची पक्की पेटी बसवून घेतली. नवं बीज येईल ते आधी पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचं, हे सरुबाईंनी ठरवून टाकलं. नवी मेंढी विकत आणली तर ती तरी लगेच कळपात कोण सोडतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच आठवड्यात कुशाबाई भर दुपारी चालत वर आली. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून आले, म्हणाली. महिनाभर एकाही माशावर ऊ दिसली नव्हती. आणि सकाळी ओढ्याच्या तोंडाशी तिनं मरळीचा थवा बघितला होता. आई खाली, आणि वर तांबड्या पिल्लांचा नुसता बुचका.

"लई पिल्लं हायेत," ती म्हणाली. "मी जाळं तिकडं लावलंच न्हाई."

 सरुबाईंनी निर्मलाला पिठलं टाकायला सांगितलं आणि कुशाबाईला जेवायला बसवलं. स्वतः दोन भाकरी खाल्ल्या. कुशाबाई गेल्यावर ओट्यावर जरा पडते म्हणाल्या, त्यांना गाढ झोप लागली, आणि चहाची वेळ टळून गेली तरी निर्मलानं त्यांना उठवलं नाही.