ताईचे मोकळे हात

डायलिसिसच्या सुया टोचून टोचून ताईच्या हातातल्या शिरा निकामी झाल्या, म्हणून डॉक्टरांनी तिच्या छातीत कॅथेटर बसवला. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या गळ्याखाली कातडीतून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या.

"आतलं टोक हृदयापर्यंत गेलंय," ती म्हणाली.

माणसाच्या रक्ताला असं कायमचं दार ठेवायचं? डायलिसिसचं यंत्र सुरू झालं, नळ्या लाल झाल्या. मला तिकडे बघवेना. ताईने मात्र अंबाडा सोडून वेणी घालायला घेतली.

"सुया असायच्या तेव्हा तासन्‌तास हात हलवता यायचा नाही. आता दोन्ही मोकळे आहेत. ये, तुझीही घालते."

मी तिच्याकडे पाठ करून बसले. तिची बोटं गार होती, पण पेड घट्ट पडत होते.