उडणाऱ्याच्या आईची माती

बुधवारी संध्याकाळी मी तवा ठेवायला अन् लेक कामावरून यायला एकच गाठ पडली. म्हणाला, "आई, राहू दे भाकरी. लातुरात लई भारी पिक्चर लागलाय, उडणाऱ्या माणसाचा." मग लेक, सून अन् मी तसेच निघालो.

त्या उडणाऱ्याला आई होती. बिचारी ताट झाकून त्याची वाट बघायची. थोड्याच वेळात व्हिलननं तिच्या अंगावर भिंत पाडली, ती मेली, अन् हा चिडून आभाळात! सगळं टाकीज शिट्ट्या मारायलं.

मला राहवलंच न्हाई. "अरे, तिची माती कुणी केली?"

लेक हसून म्हणाला, "आई, हळू! ती मेल्याबिगर त्याला ताकद कशी येईल?"

मागून एक बाई म्हणाली, "मावशी बरोबर बोलायल्यात."

बरोबरच की! आमच्याकडं लांबच्या नात्यातल्या मातीलासुद्धा माणसं हातातलं काम टाकून एसटीनं येतात. अन् हा पोटचा पोरगा, आईला तिथंच टाकून, चकचकीत कपडे घालून जग वाचवायला निघाला!

बाहेर आल्यावरही लेक हसतच होता. मी म्हणाले, "हे बघ, मी गेले की आधी माझी माती कर. जग मग वाचव."