लाँचच्या मागच्या खुंट्याजवळ

लाँचच्या केबिनचा मागचा पत्रा एका जागी आत दबला होता. माझा थोरला मुलगा म्हणाला, धक्क्याला घासली. मी जवळ जाऊन बघितलं. धक्का लाँचला लागतो तो खाली, गुडघ्याच्या उंचीला. हा पोचा माझ्या तोंडासमोर होता, म्हणजे त्याच्या छातीशी. रंग उडाला होता आणि पत्र्यावर दोराचा पीळ उमटला होता.

"दोर तुटला का रं?"

"तुटला. दोरच हाय त्यो, तुटतोय."

"तू कुठं हुतास तवा?"

"हितंच की. लांब."

हितंच आणि लांब, दोन्ही एकदम कसं असेल? त्या दिवसापासून माझं बूड एका जागी टेकलं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, धरणाच्या मागच्या पाण्याला. रस्ता पाण्यापाशी येतो आणि संपतो. माणसांना पलीकडं जायला लाँच आणि गाड्यांना तराफा. तराफ्याला स्वतःचं इंजिन नाही. पाणी शांत असेल तर लाँच त्याच्या कुशीला बांधतात आणि तशीच चालवतात. दुपारी वारा उठला, लाटा आल्या की कुशीला बांधलेली लाँच तराफ्यावर आदळते. मग ती पुढं घालायची आणि लांब दोरानं तराफा ओढायचा. माझा नवरा हेच करायचा. तो गेल्यावर थोरला करतो. आता पलीकडं रिसॉर्ट झाले, त्यामुळं सिमेंट, सळ्या, पाव्हण्यांच्या गाड्या, सगळं वाढलंय. ओढायचं वजन वाढलं, लाँच तीच राहिली.

माझं माहेर आटपाडीकडं. लग्न होईपर्यंत विहीर सोडून माणसाच्या उंचीपेक्षा खोल पाणी मी बघितलं नव्हतं. घरी घायपाताचा वाख काढायचे. पाती कुजवायची, बडवायची, धुवायची आणि दोर वळायचे. चौथीनंतर मीही तेच केलं. हाताला जी खाज सुटायची ती रात्रभर. त्यामुळं हिला दोरातलं कळतं असं सासरी सगळ्यांनी धरून घेतलं आणि लाँचचा दोर माझ्या गळ्यात पडला.

वाखाचा दोर आणि नायलॉनचा दोर यांचा काही संबंध नाही. वाखाचा ओला राहिला की कुजतो, म्हणून उन्हात टाकायचा. नायलॉन नाही कुजत, त्याला ऊनच खातं. हे इथं कुणालाच माहीत नव्हतं. सगळा गाव नवे दोर धक्क्यावर कडक उन्हात पसरायचा, पापड वाळत घातल्यासारखे. निळा प्लास्टिकचा दोर तर उन्हानं असा व्हायचा की नखानं ओरबाडला तर चुरा हातात यायचा. ते कळल्यावर सावलीत वाळवायला लागले. गाळ लागला की साध्या पाण्यानं धुवायचा, कारण गाळातली रेती पिळात शिरते आणि आतल्या आत कापत राहते. दगडावरून ओढत न्यायचा नाही. डिझेलच्या डब्याशेजारी ठेवायचा नाही. लाँचच्या कडेवर घासतो तिथं जुन्या रबरी पाइपाचा तुकडा चढवायचा. आणि महिन्याला एकदा सगळा दोर हातातून सोडायचा, तळव्याला काही टोचलं, कुठं कडक लागला, कुठं बारीक लागला की थांबायचं. एवढं सगळं करूनही तो तुटला होता, आणि मला त्याचाच राग होता.

पण खरी गोष्ट दोराची नव्हती. थोरला कुठं उभा राहतो त्याची होती. लाँचच्या मागच्या बाजूला लोखंडी खुंटा आहे, त्याला दोर अडकवतात. सुकाणूवर माझा चुलत दीर असतो. थोरला त्या खुंट्याजवळ उभा राहतो, ताणलेल्या दोरावर तळवा ठेवून. त्याचा बाप असाच उभा राहायचा. तराफा जड जातोय का, लाटेनं मागं ओढला जातोय का, हे त्यांना हाताला कळतं आणि मग दिराला ओरडून सांगतात, कमी कर, वाढव. हे काम त्याला चांगलं येतं. पण दोर तुटला तर त्याचं टोक सरळ लाँचवर परत येतं, खुंट्याच्या रेषेत. पत्र्यावरचा पोचा त्याच रेषेत होता.

मी तुटलेल्या दोराचा तुकडा पिशवीत घातला आणि सांगलीला गेले. साताऱ्यात दोर मिळत नाही असं नाही. पण माझे वडील ज्या दुकानात वाख घालायचे ते दुकान सांगलीत आहे, हळदीच्या पेठेच्या मागच्या गल्लीत. तेव्हाच्या मालकाचा मुलगा आता बसतो. तोही म्हातारा झालाय, दाढी पांढरी, गुडघे गेलेले. उसाच्या ट्रॉलीचे दोर, होड्यांचे दोर, ताडपत्रीच्या दोऱ्या, सगळं विकतो.

"या आक्का. हाय म्हनायचं अजून."

"तुझा माल वापरून मेले न्हाई, म्हंजे माल बरा असंल."

"पानी प्या आधी, मग भांडा."

मी तुकडा पुढं टाकला. त्यानं चष्मा लावला, पीळ उलटा फिरवून उघडला. बाहेरनं दोर चांगला होता. आत पांढरी भुकटी होती, पीठ भरल्यासारखी. त्यानं ती बोटावर घेऊन मला दाखवली.

"ह्ये बघा. रेतीनं आतनं खाल्लाय. नुसता हात फिरवून कळत न्हाई, उघडून बघाय लागतंय."

"मग आता उघडून बघीन. नवा कुठला देतोस?"

त्यानं तीन काढले. एक तरंगणारा, स्वस्त, हाताला मेणचट. तो म्हणाला, ह्यो खुंट्यावर घासून गरम झाला की वितळतोय, नको. दुसरा नायलॉन, पांढरा. लाटेचा झटका आला की लांबतो, झटका खातो. तिसरा बारीक, इतका हलका की मला वाटलं आत काही नाहीच. तारेपेक्षा दणकट म्हणाला, मोठ्या बंदरात हाच वापरतात. पण जराही लांबत नाही, सगळा झटका खुंट्यावर जातो. तुमच्या लाँचचा खुंटा फळीसकट उपटून येईल.

"तुटल्यावर मानसाला मारत न्हाई असा कुठला हाय?"

"तसला कोन बनवत न्हाई, आक्का."

"ह्यो बारका?"

"ह्यो कमी उसळतो. नायलॉन लय उसळतो, जेवढा लांबला तेवढा परत येतो. पर कमी म्हंजे न्हाईच असं न्हाई."

मग त्यानं आपल्या पुतण्याचं सांगितलं. पुतण्या बंदरात टगवर आहे. टग म्हणजे मोठं जहाज ओढून धक्क्याला लावणारी लहान बोट, तुमच्या लाँचची थोरली बहीण, असं म्हणाला. तिथं मागच्या डेकवर लाल रंग मारलेला असतो. दोर ताणला की त्या रंगावर कुणी उभं राहायचं नाही. राहिला तर कॅप्टन आई-बाप काढतो.

"दोर मी चांगला देतो," तो म्हणाला. "पर तुमी हितं येऊन दोर कशाला बघताय? पोरगं कुठं उभं ऱ्हातंय ते बघा."

मला त्याचा राग आला, कारण तेवढ्यासाठीच मी आले होते आणि ते त्याच्या दुकानात मिळत नव्हतं.

शेवटी पॉलिस्टरचा दोर घेतला. फार लांबत नाही, उन्हाला बरा टिकतो, भिजला तरी ताकद जात नाही. झटका खायला त्याच्या पुढं नायलॉनचा आखूड तुकडा जोडायचा ठरलं. जोड गाठीनं नाही करायचा, गाठीत दोर अर्धा मरतो. त्यानं दोन्हीकडं पीळ उकलून, पदर पदरात ओवून फासे विणले आणि फाशात लोखंडी कडी बसवली. त्याची बोटं थरथरत होती म्हणून मी पदर धरून बसले. दोघं म्हातारी माणसं दुकानाच्या पायरीवर दोर विणत बसलोय आणि रिक्षावाले हॉर्न मारतायत, वाटेत बसलो म्हणून. आमचं होईपर्यंत कुणी उठलं नाही. निघताना म्हणाला, खुंट्याला गंजाचे काटे आले असतील, ते कानशीनं घासा, न्हाईतर माझा दोर आठ दिवसांत फाडाल आणि परत मलाच बोलाल.

थोरल्याला दोर आवडला. हातात घेऊन वाकवून बघितला, फासे बघितले, वा म्हणाला. खुंटाही घासला. लाल रंगाचं सांगितल्यावर हसला.

"आये, आपली लाँच हाय का जहाज? दोन पावलं मागं सरलो की पान्यात."

"मागं नको. केबिनच्या कडंला सर. तितनं दिसतंय की."

"दिसतंय. पर हात ठेवल्याबिगर कळत न्हाई. आबा तसंच करायचा."

"आबा दोरानं मेला न्हाई ह्ये त्याचं नशीब. त्यानं त्ये तुझ्या नावावर करून दिलंय व्हय?"

तो उठून गेला.

दाराला मारून उरलेला लाल रंग घरात होता. मी जाऊन खुंट्याजवळ, तो उभा राहतो तिथं, पट्टा ओढला. दुसऱ्या दिवशी बघितलं तर तो त्या पट्ट्यावरच उभा होता, दोन्ही पाय लालवर, हात दोरावर. दीर मला म्हणाला, वैनी, तुमी जागा आखून दिली म्हनून ऱ्हायलाय. आणि हसला. मला हसू आलं नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. सकाळचं ठीक असायचं. दुपारी वारा सुटला, समोरचं पाणी काळं झालं की माझ्या हातून काही होईना. भाकरी करपली. निवडलेले तांदूळ परत निवडले. सून म्हणाली, आत्ती, जरा बसा की, तुमच्या चालन्यानं मलाच गरगरतंय. तिला मी काही सांगितलं नव्हतं. तिनं पोचा बघितला होता की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मी तिला एवढंच म्हणाले, तू तुझं बघ.

मग एका दुपारी मीच लाँचवर गेले. मला पाण्यावर जायला आवडत नाही. इतकी वर्षं झाली तरी काम असल्याशिवाय मी लाँचवर पाय ठेवत नाही. त्या दिवशी तराफ्यावर सिमेंटचा भरलेला टेम्पो होता आणि वारा चांगला होता. लाँच पुढं लावली होती. दोर अडकवायचा बाकी होता. मी सरळ मागं गेले आणि लाल पट्ट्यावर बसकण मारली, खुंट्याकडं तोंड करून.

"आये, हितं कुठं? आत बस."

"हितं बरं हाय. वारं लागतंय."

"ऊठ. मला उभं ऱ्हायचंय."

"बाजूला ऱ्हा की. जागा हाय."

दिरानं इंजिन चालू केलं होतं, ते कमी केलं. तराफ्यावरून टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. थोरल्यानं दोराचा फासा हातात घेतला होता, तो तसाच धरून उभा.

"आये, उगं तमाशा करू नगंस. हितं दोर ताननार हाय."

"तानू दे."

"तुटला तर तोंडावर ईल तुझ्या."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यालाही ऐकू आलं होतं आपण काय बोललो ते. दीर केबिनमधून बघत होता. टेम्पोवाल्यानं परत हॉर्न मारला, तेव्हा थोरला त्याच्यावर ओरडला, माझ्यावर ओरडायचं होतं ते सगळं. टेम्पोवाला म्हणाला, अहो मी काय केलं.

"उचलून ठेवीन तुला," तो मला म्हणाला.

"ठेव. परत यीन."

तो मला ओळखतो. त्यानं फासा खाली टाकला. लाँचच्या अंगाला धक्का लागू नये म्हणून जुने टायर टांगलेले असतात, त्यातले दोन जादा पडले होते. ते ओढत आणले आणि म्हणाला, सरक. मी सरकले. त्यानं दोन्ही टायर एकावर एक लाल पट्ट्यावर टाकले आणि दोरीनं बांधले. तिथं आता कुणाला उभं राहायला जागा उरली नाही. मग मला दंडाला धरून केबिनमध्ये नेलं, जरा जोरातच, आणि फळीवर बसवलं.

फासा खुंट्याला अडकवून तो केबिनच्या कडेला उभा राहिला, कठड्याला धरून. दोर पाण्यातून वर आला, पाणी गळालं, ताणला. तराफा हलला. माझं सगळं लक्ष थोरल्याकडं होतं. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि तळवा उघडत होता, मिटत होता. मधल्या पाण्यात लाटा मोठ्या झाल्या तेव्हा तो दोनदा खुंट्याकडं निघाला आणि टायरपाशी थांबला. दिराला वेळेवर सांगणं त्याला जमलं नाही, दोर एकदा सैल पडला आणि मग खाडकन ताणला, सगळी लाँच हादरली. नायलॉनचा तुकडा लांबला आणि परत आला. फासे राहिले. थोरला माझ्याकडं वळून म्हणाला, बघितलंस? हात असता तर ह्ये झालं नसतं.

ते खरं असेल. मी त्याला खोटं म्हणाले नाही.

पलीकडं पोचलो. टेम्पो उतरला. परत येताना तो माझ्याशी बोलला नाही, जेवतानाही नाही. सुनेनं दोघांकडं बघितलं आणि वाढलं.

आता दर महिन्याला मी दोर उघडून बघते, तीन जागी, चष्मा लावून. रेती नाही अजून. दोराचं माझ्या हातात आहे तेवढं मी करते. टायर मात्र कधी जागेवर असतात, कधी नसतात. विचारलं तर म्हणतो, डेक धुवाय काढलं हुतं. मी परत जागेवर ओढते, तो बघत राहतो.

दुपारी वारा सुटला आणि तराफा पलीकडून निघाला की मी धक्क्यावर जाते. लांबून लाँचवर माणूस दिसतो, पण कुठं उभा आहे ते या डोळ्यांना कळत नाही. लाँच जवळ येईपर्यंत मी उभीच राहते.