चमच्याची पाठ
चांदी घासायच्या पावडरीचा वास आला की सौदीतल्या दम्मामचे आमचे शेजारी आठवतात. आमच्याकडे जेवताना स्टीलचा चमचा नाचवत ते म्हणाले होते, "वहिनी, साइटवरच्या कँटीनची आठवण झाली हो!" बायकोचा चेहरा उतरला, आणि ते ज्यांचा तोरा मिरवत, त्या जर्मनीत बनलेल्या जुन्या चांदीच्या चमच्यांचं पितळ उघडं पाडायची मी शपथ घेतली. महिनाभर चांदीवरच्या शिक्क्यांचा अभ्यास केला, आणि त्यांच्याकडे जेवायला गेलो ते खिशात भिंग घेऊनच. श्रीखंड चाटूनपुसून चमचा उलटा केला, सगळ्यांना गप्प बसवलं आणि भिंग लावलं. जर्मन चांदीवर असते ती चंद्रकोर होती, मुकुट होता, हजारात आठशे शुद्धतेचा आकडा होता, कारागिराचा शिक्काही होता. "अस्सल आहे," मी पुटपुटलो. शेजाऱ्यांनी मला मिठीच मारली. "काय सांगता! मला वाटत होतं, दुकानदारानं गंडवलं!" आता ते प्रत्येक पाहुण्याला माझाच दाखला देतात. त्यांच्याकडच्या चांदीच्या चहाच्या किटलीचा तळ मात्र मी अजून पाहिलेला नाही, म्हणून भिंग खिशातच ठेवलंय.