केझायाच्या जमिनीचे चार कोपरे

केझाया हॅमरला प्रश्न पडायचे, आणि ती ते विचारायची. आमच्या व्हर्जिनियाच्या खोऱ्यात पहिल्या गोष्टीला कुणाची हरकत नसते. दुसरीने मात्र माणसं वैतागतात. सुया विकणारा फेरीवाला दारात आला की सुई कुठल्या गावी घडली, तिथलं पाणी गोडं की मचूळ, हे विचारल्याशिवाय ही बाई त्याला गाठोडं सोडू देत नसे. रविवारी प्रवचन संपलं की पाद्रीबाबा तिला चुकवायला मागच्या दाराने सटकत. सगळ्या गावाने ते पाहिलेलं आहे.

पण एका गोष्टीबद्दल विचारावं असं तिला कुणी सापडत नव्हतं. ती गोष्ट म्हणजे तिची स्वतःची जमीन.

तिचे वडील इंग्रजांशी लढले होते. त्याबद्दल सरकारने त्यांना पगाराऐवजी एक कागद दिला: डोंगरापलीकडे केंटकीत हजार एकर, हवी तिथली शोधून घ्या. गुडघ्यात गोळी घेऊन घरी आलेला माणूस डोंगर कसला चढतो! म्हाताऱ्याने कागद बायबलमध्ये ठेवला आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत दहा वर्षं काढली. शेवटी लेम्युएल टॅकेट नावाच्या दलालाला मुखत्यारपत्र दिलं. टॅकेटने जमीन शोधायची, मोजून घ्यायची, सरकारात नोंदवायची आणि त्यातला चौथा हिस्सा स्वतः घ्यायचा, असा करार झाला. मोजणी झाल्याची बातमी यायच्या आतच म्हातारा गेला. केझाया एकुलती एक, तेव्हा उरलेली जमीन तिच्या नावावर आली. जमिनीचा सरकारी पट्टा मात्र टॅकेटच्याच पिशवीत राहिला.

चार वर्षं ती त्या जमिनीचा विचार करत होती. तिथे पाणी असेल का, पाखरं कुठली असतील, सकाळी ऊन कुठल्या बाजूने येत असेल? केंटकीहून परतलेला माणूस दिसला की ती त्याला रस्त्यातच अडवायची.

"काय असतं हो तिकडे?"

"केंटकी असतं, बाई. दुसरं काय असणार?"

सतराशे अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात टॅकेट स्वतःच उगवला. अंगात चांगला कोट, बोलणं मऊ, आणि वाईट बातमी वैद्याच्या तोंडाने सांगायची सवय. केझायाचा नवरा योस्ट पिंपं बनवायचा. त्याच्या कामाच्या छपरात बसून टॅकेटने मान हलवली.

"काय सांगू हॅमर, नशीबच खोटं तुमचं. निम्मी दलदल, निम्मा खडक. बेडूकसुद्धा बिऱ्हाड हलवून दुसरीकडे गेलेत. पण लेक्सिंग्टनला एक भला माणूस आहे, तो घेतो म्हणतो. तुमचं आणि माझं, सगळंच."

तो भला माणूस देत होता एका घोडाजोडीची किंमत. योस्टला गाडीसाठी एक घोडा हवा होता. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत झाली. त्याने तळहातावर थुंकून टॅकेटच्या हातात हात दिला. दस्त वाचताना टॅकेटने मधला भाग गाळला, आणि योस्टनेही विचारलं नाही, कारण तो तेव्हा मनातल्या मनात दोन्ही घोड्यांची नावं ठरवत होता.

आता राहिली केझायाची सही. बाईला माहेरकडून आलेली जमीन नवऱ्याला परस्पर विकता येत नाही, असा आमच्याकडचा कायदा आहे. दोन न्यायाधीशांनी घरी यायचं, नवऱ्याला बाहेर काढायचं, बाईला दस्त समजावायचा आणि विचारायचं: हे तू स्वखुशीने करतेस का, नवऱ्याच्या धाकाशिवाय? सगळ्या बायका हो म्हणतात. न्यायाधीश एक ग्लास सायडर पिऊन घरी जातात.

गुरुवारी कर्नल मकेनी आणि म्हातारे प्रिंगल आले. कर्नलना नेहमी घाई असे. प्रिंगलना कमी ऐकू यायचं, पण कायद्याला दोन डोकी लागतात, त्यांवरच्या कानांबद्दल तो काही म्हणत नाही. योस्ट आणि टॅकेटला अंगणात धाडून स्वयंपाकघराचं दार लावलं. चुलीवर सफरचंदाचा गर सकाळपासून रटरटत होता. तो संध्याकाळपर्यंत घोटायचा असतो.

"बाई, ते ढवळणं थांबवा जरा. सरकारी काम आहे," कर्नल म्हणाले.

"थांबवलं तर तळाला लागेल, साहेब. भांडं घासायला सरकार येणार आहे का?"

प्रिंगलना काय कळलं कोण जाणे, त्यांनी उठून लाकडी घोटणी हातात घेतली आणि ढवळू लागले. चेहऱ्यावरून तरी त्यांना हे काम न्यायदानापेक्षा आवडलं असावं.

"हं. तर हा दस्त तुम्हाला दाखवला, समजावला..."

"कुठे समजावला?"

"समजावतो. देणार तुम्ही नवराबायको आणि टॅकेट, घेणार लेक्सिंग्टनचा माणूस, जमीन केंटकीतली. झालं!"

"आणि मधल्या एवढ्या ओळी?"

"हद्दी आहेत, बाई. कोपऱ्यांवरची झाडं. फार रटाळ असतं ते."

"माझी झाडं?" केझायाचा आवाज एकदम चढला. चार वर्षांत त्या जमिनीवरची एक काडी कुणी तिला सांगितली नव्हती, आणि इथे कागदात झाडं होती. "वाचा ना, साहेब. सगळं वाचा."

कर्नलनी सुस्कारा सोडून चष्मा लावला. "'झऱ्याकाठच्या साखरी मेपलपासून आरंभ. तिथून उत्तरेस चारशे काठ्या, एका मोठ्या काळ्या अक्रोडापर्यंत. तिथून पूर्वेस, ओढा ओलांडून, चारशे काठ्या, दोन ॲश आणि एका तुतीपर्यंत. तिथून दक्षिणेस, विजेने चिरलेल्या अक्रोडापर्यंत. तिथून पश्चिमेस, पुन्हा आरंभाच्या मेपलपाशी.'"

तिने डोळे मिटले होते. ती त्या हद्दीवरून चालत होती. झरा होता तिच्या जमिनीवर! ओढाही होता! वीज पडलेलं झाड उभं होतं अजून! तिला इतका आनंद झाला की दोन न्यायाधीश समोर नसते तर ती तिथेच रडली असती.

मग तिने डोळे उघडले.

"पुन्हा वाचा. दुसरा कोपरा."

"'मोठ्या काळ्या अक्रोडापर्यंत.'"

"आणि चौथ्यावरही अक्रोडच?"

"अक्रोडच."

केझायाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ती लोकर रंगवायची, आणि दर शरदात अक्रोडाच्या टरफलांनी तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी होत. वडिलांनी मागच्या सखल जागेत तीनदा अक्रोड लावले होते, आणि तिन्ही खेपेला पाण्याने मुळं कुजली. चौथं रोप त्यांनी वर, खोल काळ्या मातीत लावलं. ते आता घराहून उंच होतं.

"साहेब, अक्रोड दलदलीत येत नाही. खडकावर तर नाहीच नाही."

कर्नलनी कागद पुन्हा उजेडाकडे धरला. त्यांची स्वतःची दोन हजार एकर होती. त्यांनी बोट ठेवून ती चार ओळींची यादी आता पहिल्यांदा नीट वाचली: मेपल, अक्रोड, तुती; सगळी कसदार मातीतली. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मग त्याने झाडंही खोटी का नाही लिहिली?" केझायाने विचारलं. तिला खरंच कुतूहल वाटलं होतं.

"लिहिता येत नाहीत. मोजणीत जे झाड, तेच दस्तात लागतं. झाड बदललं की जमीन बदलते, आणि घेणाऱ्याच्या हाती धुपाटणं येतं. आणि घेणारा तर टॅकेटचाच माणूस दिसतोय." त्यांनी चष्मा काढला. "मला एकच गोष्ट विचारायचा अधिकार आहे, बाई. हे तुम्ही स्वखुशीने करता का, नवऱ्याच्या धाकाशिवाय?"

खिडकीतून योस्ट दिसत होता. तो टॅकेटच्या घोड्याची आयाळ विंचरत होता. तो वाईट माणूस नव्हता. तिच्यावर त्याने कधी हात उगारला नव्हता. पण त्याने शब्द दिला होता, आणि तो मोडला की गावात त्याचं हसं होणार, हे तिला ठाऊक होतं. तो चिडला की ओरडत नसे, गप्प बसे. अख्खा हिवाळा तसा गेलेला तिने सोसला होता, आणि तिला त्याचीच भीती वाटत होती.

"नाही," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" घोटणी थांबवून प्रिंगलनी विचारलं.

"नाही म्हणाली!" कर्नल त्यांच्या कानात ओरडले, आणि अंगणातल्या कोंबड्यांनासुद्धा निकाल कळला.

टॅकेट आत आला तेव्हा त्याचा मऊपणा थोडा विरला होता. "बाईमाणसाला हद्दीतलं काय कळतंय, कर्नलसाहेब?"

"टॅकेटसाहेब," केझाया म्हणाली, "तुमचे बेडूक अक्रोडावर चढतात का हो?"

"मोजणीदाराची चूक असेल."

"मग तीच चूक तुम्ही दस्तात उतरवलीत? आणि तो भला माणूस चुकीची दलदल विकत घेणार?"

कर्नलनी हात पुढे केला आणि पट्टा इथेच ठेवून जा म्हणाले. टॅकेटने तो टेबलावर ठेवला, कोट झटकला आणि तो निघाला. त्याचा घोडा फारच चकचकीत दिसत होता.

योस्टने एक अक्षर काढलं नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. छपरातून हातोड्याचा आवाज येई, मग तोही थांबे. जेवायला बसला की तो पावाशी बोलल्यासारखा पावाकडेच बघायचा. केझायाला वाटलं, जमीन राहिली पण माणूस गेला. तिने पट्टा टेबलावरून उचलला नाही. त्यालाही तो वाचता येत नव्हता, तरी तो येता-जाता त्याच्याकडे बघे, हे तिने पाहिलं.

रविवारी दुपारी तो हातांवरचा, पिंपांच्या ओक लाकडाचा भुसा झटकत दारात उभा राहिला.

"ओक आहे का गं त्यात?"

अठरा वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच असं काही विचारलं, ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं.

"कोपऱ्यांवर नाही. मधे काय आहे ते कुणीच लिहिलेलं नाही."

"हजार एकर, आणि मधलं काहीच नाही?"

"काहीच नाही. लिहितात ते फक्त कोपरे."

योस्ट तिच्यासमोर बसला. बराच वेळ त्याने कागदावर बोट फिरवलं, कोपऱ्यावरून कोपऱ्यावर, आणि मग ते कागदाच्या मधोमध आणून ठेवलं.

"मग बघायलाच हवं," तो म्हणाला. "तू येशील का?"